चोराला इंग्रजीत काय म्हणायचं? आधी मराठी क्रियापद बघा

मराठी बातमीत ‘चोरटे’ हा एक शब्द सगळीकडे धावून येतो. परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानाचं शटर उचकटलं, तर चोरटे. लातूरच्या गंजगोलाईत गर्दीत पाकीट गेलं, तरी चोरटे. बीडजवळ ट्रकवाल्याला चाकू लावून पैसे काढून घेतले, तरी चोरटेच. इंग्रजीत हे तिघे वेगवेगळे आहेत: पहिला बर्गलर, दुसरा पिकपॉकेट आणि तिसरा रॉबर. एकाच्या जागी दुसरा शब्द घातला की घडलेली घटनाच बदलते. परीक्षेत अशा चुकीने एखादा गुण जातो. विम्याच्या अर्जात केली तर दावाच अडकू शकतो.

शब्दकोश इथे फारशी मदत करत नाही. थीफ म्हणजे चोर, रॉबर म्हणजे लुटारू, बर्गलर म्हणजे घरफोड्या असं लिहून तो मोकळा होतो. पण मराठी माणसाकडे त्याहून चांगलं साधन आहे, ते म्हणजे क्रियापद. चोराच्या नावाबाबत आपण ढिसाळ असलो तरी कृतीबाबत नाही. मोबाईल ‘चोरला’ म्हणतो, प्रवाशाला ‘लुटलं’ म्हणतो, दुकान ‘फोडलं’ म्हणतो, मंगळसूत्र ‘हिसकावलं’, पाकीट ‘मारलं’, पतसंस्थेचे पैसे ‘हडपले’, म्हाताऱ्याला ‘गंडवलं’ आणि ठेकेदाराकडून पैसे ‘उकळले’. यांची आपण सहसा अदलाबदल करत नाही. ‘मला चोरलं’ असं कुणी म्हणत नाही. तेव्हा इंग्रजी नाम निवडताना तोंडात आलेलं मराठी क्रियापद आधी तपासावं.

चोरलं: स्टील, थीफ, थेफ्ट

थीफ हा सगळ्यात रुंद शब्द. जोरजबरदस्ती नाही, फोडाफोडी नाही, मालकाच्या नकळत वस्तू उचलली, की तो थीफ. अनेकवचन थीव्ह्ज, गुन्ह्याचं नाव थेफ्ट. क्रियापद मात्र भलतंच आहे, स्टील. त्याचा भूतकाळ स्टोल आणि तिसरं रूप स्टोलन. ‘थीव्ह’ असं क्रियापद शब्दकोशात सापडतं, पण रोजच्या इंग्रजीत कुणी वापरत नाही.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. ती नीट वाचली की थेफ्ट या शब्दाच्या कडा दिसतात. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक हवा, ताबेदाराची संमती नसावी आणि वस्तू जागची हललेली असावी. मोंढ्यातलं पोतं खांद्यावर घेतलं आणि दारातच पकडला गेला, तरी चोरी पूर्ण झाली, कारण पोतं हललं.

जंगम या अटीमुळे शेतकऱ्याला प्रश्न पडतो की उभ्या सोयाबीनचं काय. जमिनीला धरून आहे तोवर पीक जंगम नाही. पण चोराने विळा लावला आणि ते जमिनीपासून सुटलं की त्या क्षणापासून ती चोरी ठरते. विहिरीवरची मोटार, स्टार्टर, केबल, ठिबकच्या नळ्या यांबाबत प्रश्नच नाही, त्या सरळ थेफ्टमध्ये येतात. वीज मात्र इथे बसत नाही. तारेवर आकडा टाकणं यालाही इंग्रजीत थेफ्ट ऑफ इलेक्ट्रिसिटीच म्हणतात, पण त्यासाठी विद्युत अधिनियम २००३ चं कलम १३५ वेगळं आहे.

साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत एक सवलतही आली. माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. घरातून, वाहनातून, देवळातून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं आणि कैद ७ वर्षांपर्यंत जाते. प्रार्थनास्थळातल्या मूर्तीचा उल्लेख त्यात आता स्वतंत्रपणे आहे. २०२२ साली जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या मंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा जुना कायदा, म्हणजे भारतीय दंड संहिता होती आणि त्यात मूर्ती असा वेगळा उल्लेख नव्हता. इंग्रजीत अशा चोराला आयडल थीफ म्हणतात. मंदिराचं दार तोडून आत शिरला असेल तर तो बर्गलरही झाला. एकाच माणसाला दोन शब्द लागू होऊ शकतात, त्यात काही विसंगत नाही.

लुटलं: रॉब, रॉबर, रॉबरी

आपल्याकडच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘माय मोबाईल वॉज रॉब्ड’ हे वाक्य सर्रास लिहिलं जातं आणि ते चूक आहे. स्टीलचं कर्म वस्तू असते, रॉबचं कर्म माणूस किंवा जागा असते. मोबाईल स्टोलन होतो, माणूस रॉब्ड होतो. वस्तूचं नाव सांगायचंच असेल तर मध्ये ‘ऑफ’ लागतो: ‘ही वॉज रॉब्ड ऑफ हिज मोबाईल’. स्टीलला ‘फ्रॉम’ लागतो: ‘दे स्टोल अ मोबाईल फ्रॉम हिम’. मराठीत हा भेद आपण पाळतोच. बँक लुटली, वऱ्हाड लुटलं, आणि मोबाईल चोरला. डोक्यात मराठी वाक्य नीट असलं की इंग्रजी चुकत नाही.

अर्थाचा भेद बळाचा आहे. चोरी करताना, किंवा माल घेऊन पळताना, समोरच्याला इजा केली, अडवून धरलं किंवा त्याच क्षणी मारण्याची भीती घातली, की थेफ्टची रॉबरी होते. पोलीस ठाण्याच्या मराठीत हीच ‘जबरी चोरी’, कलम ३०९. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तीच गोष्ट महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घडली तर १४ वर्षांपर्यंत. धुळे-सोलापूर महामार्गावर रात्री ट्रक अडवून चालकाला मारहाण करून पैसे नेले, तर ती हायवे रॉबरी. चालक गाढ झोपेत असताना मागची ताडपत्री फाडून खोकी उतरवली, तर ती थेफ्टच. नुकसान दुसऱ्या वेळी दहापट जास्त असेल, तरी शब्द सौम्यच राहतो, कारण इंग्रजी इथे रक्कम बघत नाही, माणसावर बळ चाललं का ते बघते.

म्हणूनच रात्री भिंतीला भगदाड पाडून बँकेची तिजोरी रिकामी केली, आत कुणीच नव्हतं, तर काटेकोर इंग्रजीत तिला बँक रॉबरी म्हणता येत नाही. ती बर्गलरी. पत्रकार अशा वेळी हाइस्ट हा शब्द घालतात. आखीव, मोठ्या रकमेच्या चोरीसाठी तो चालतो, पण तो बोलीतला आहे, कायद्यातला नाही.

रस्त्यात एकट्यादुकट्याला गाठून लुटणारा तो मगर. हा शब्द ब्रिटन-अमेरिकेत रोजचा आहे, आपल्याकडे कमी. कदाचित बरंच आहे, कारण आपल्या विद्यार्थ्यांना ‘मग अप’ म्हणजे घोकंपट्टी हेच माहीत असतं, आणि इंग्रजीत मगर नावाचा प्राणीही आहे, तो आपल्याच मगरीवरून गेलेला.

डकॉइट हा शब्दही इथूनच गेला, हिंदीतल्या डकैतवरून. भारतीय कायद्यात त्याला आकडा चिकटलेला आहे: पाच. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, किंवा तसा प्रयत्न केला, तर ती डकॉइटी, म्हणजे दरोडा, कलम ३१०. जागेवर हजर राहून मदत करणाराही मोजला जातो. चौघे असतील तर ती रॉबरी, मग हातात तलवारी का असेनात. बातमीत ‘चार दरोडेखोर’ असं छापून येतं, तेव्हा एकतर पाचवा पळालेला असतो किंवा शब्द सैल वापरलेला असतो. ‘दरोड्याच्या तयारीत’ असलेली टोळी पकडली, ही बातमी वाचून काहींना वाटतं की काही घडलंच नाही तर गुन्हा कसला. दरोड्याची तयारी हाच स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. परदेशातल्या वाचकासाठी लिहिताना मात्र डकॉइट टाळावा. तिकडे तो कुणाला कळत नाही. ‘आर्म्ड गँग’ म्हणावं.

फोडलं: बर्गलर आणि हाउसब्रेकिंग

बर्गलरचं लक्ष्य इमारत असते. क्रियापद ब्रिटिश इंग्रजीत बर्गल, अमेरिकनमध्ये बर्गलराइझ. दोन्ही जड वाटत असतील तर ‘ब्रोक इंटू द शॉप’ लिहावं, ते सगळीकडे चालतं आणि ‘दुकान फोडलं’ याला अगदी जवळचं आहे.

भारतीय संहितेत बर्गलरी नावाचा गुन्हाच नाही. तिथे हाउसब्रेकिंग आहे, ठाण्याच्या भाषेत घरफोडी, आणि तिची व्याख्या वाटते त्यापेक्षा पसरट आहे. भिंत पाडणं, कुलूप तोडणं तर आलंच. पण माणसाने आत जाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणं, जसं छपराचे पत्रे काढून किंवा भिंतीवर चढून खिडकीतून, हेसुद्धा घरफोडीच. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडून आत गेला, तर काहीच तुटलेलं नसतं, तरी कायद्याच्या दृष्टीने ती घरफोडी. चोरीसाठी केलेल्या घरफोडीला दिवसा १० वर्षांपर्यंत, सूर्यास्तानंतर १४ वर्षांपर्यंत कैद आहे. ठाण्याच्या तक्त्यात ‘दिवसा घरफोडी’ आणि ‘रात्री घरफोडी’ असे वेगळे रकाने असतात ते यामुळे.

इंग्लंडमध्ये तर १९६८ च्या थेफ्ट ॲक्टनुसार काही फोडावंही लागत नाही. चोरीच्या हेतूने, परवानगीशिवाय उघड्या दारातून आत शिरला तरी तो बर्गलर. दिवसा ग्राहकांसाठी उघड्या असलेल्या दुकानात शिरून साबणाची वडी खिशात टाकणारा मात्र शॉपलिफ्टर, कारण आत येण्याची त्याला मुभा होती. यातलं लिफ्ट म्हणजे उचलणं. मराठीत जुना शब्द आहे उचल्या, त्याच घडणीचा. पण हा शब्द आपल्याकडे एका समाजाच्या नावालाही चिकटला आहे, तेव्हा तो जपून वापरावा. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्या जमातींवरचा शिक्का लोकांच्या बोलण्यातून अजून पुरता गेलेला नाही.

हिसकावलं, मारलं, ढापलं

स्नॅचर म्हणजे झडप घालून ओढून नेणारा. मंगळसूत्र चोरांसाठी चेन स्नॅचर हा शब्द मराठीतही रुळला आहे. पूर्वी याला वेगळं कलम नव्हतं. पोलीस कधी चोरी लावत, कधी जबरी चोरी. आता कलम ३०४ आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड. तरीही सीमारेषा पुसट आहे. मंगळसूत्र ओढण्यासाठी बाईला ढकलून पाडलं किंवा मानेला जखम केली, तर प्रकरण जबरी चोरीकडे झुकतं. फिर्याद देताना जखम झाली असेल तर ती सांगितलीच पाहिजे आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नाहीतर कागदावर फक्त ३०४ उरतं.

पाकीट मारणारा पिकपॉकेट. ढापणं याला इंग्रजी बोलीत पिंच, निक, स्वाइप असे शब्द आहेत. ते मित्राशी बोलताना ठीक, तक्रार अर्जात नकोत. पिल्फर म्हणजे थोडं थोडं, वारंवार: गोदामातल्या पोत्यांतून रोज चार-दोन किलो. वाहतूक आणि गोदामाच्या कागदांत पिल्फरेज हा शब्द त्यासाठी येतो. क्लेप्टोमेनियाक हा चोर नसून रुग्ण आहे. गरज नसलेली वस्तू उचलण्याची त्याला अनावर ऊर्मी येते. सवयीच्या चोराला हा शब्द लावणं म्हणजे त्याला फुकटात वकील देणं.

जनावरं चोरणाऱ्याला अमेरिकेत रस्लर म्हणतात, आपल्याकडच्या इंग्रजीत कॅटल लिफ्टर. जुन्या शिकारकथांत हा शब्द गोठ्यातली जनावरं नेणाऱ्या वाघ-बिबट्यालाही लावलेला सापडतो, तेव्हा संदर्भ पाहावा. रानातली शिकार चोरून करणारा पोचर, दुसऱ्याचा मजकूर स्वतःच्या नावावर खपवणारा प्लेजिअरिस्ट.

हडपलं आणि गंडवलं

आतापर्यंतचे चोर दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू काढून घेत होते. एम्बेझलरच्या ताब्यात ती आपणच दिलेली असते. पतसंस्थेचा व्यवस्थापक, संस्थेचा खजिनदार, आडतीवरचा मुनीम. आपल्याकडची ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ ही म्हण याच माणसासाठी आहे. भारतीय कायद्यातलं नाव क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट, मराठीत अन्यायाने विश्वासघात किंवा बोलीत अपहार, कलम ३१६. साधी शिक्षा ५ वर्षांपर्यंत, नोकराने केला तर ७, आणि लोकसेवक किंवा बँकवाल्याने केला तर जन्मठेपेपर्यंत.

मुनिमाचं उदाहरण घेऊ, कारण गोंधळ इथेच होतो. मालकाने बँकेत भरायला २ लाख दिले आणि ते त्याने स्वतःसाठी वापरले, तर अपहार. मालकाच्या ताब्यातल्या, त्याच्याकडे न सोपवलेल्या तिजोरीतून गुपचूप काढले, तर नोकराने केलेली चोरी, कलम ३०६. दोन्हींत नोकर तोच, मालक तोच, पैसेही तेच. फरक इतकाच, की पैसे त्याच्यावर सोपवले होते का.

गंडवणाऱ्यासाठी स्विंडलर, कॉन मॅन, फ्रॉडस्टर. कॉन म्हणजे कॉन्फिडन्स, १८४९ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात एका भामट्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं गेलं, कारण तो अनोळखी माणसाला सरळ विचारायचा की तुमचा माझ्यावर विश्वास आहे का, मग घड्याळ द्या. या प्रकारात माणूस आपल्या हाताने देतो, फसून देतो. म्हणून ही थेफ्ट नाही, चीटिंग आहे. जुनं कलम ४२०, आता ३१८. बोलीतला चारसोबीस मात्र इतक्यात बदलेल असं दिसत नाही. ठग हा आपलाच शब्द इंग्रजीत गेला, पण तिकडे त्याचा अर्थ फिरला. इंग्रजी थग म्हणजे मारहाण करणारा गुंड. गोड बोलून फसवणाऱ्याला इंग्रजीत थग लिहिलं तर वाचणारा भलताच माणूस डोळ्यांसमोर आणेल.

ओटीपी काढून घेऊन खातं रिकामं करणारा स्कॅमर. त्याला हॅकर म्हणायची पद्धत पडली आहे, ती चुकीची. हॅकर यंत्रणेत घुसतो, स्कॅमर माणसाला बोलण्यात गुंतवतो. यात शब्दापेक्षा वेळ महत्त्वाची: १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते.

चोरीचा माल घेणारा रिसीव्हर, बोलीत फेन्स. हो, तोच कुंपणाचा शब्द. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून घेतला, तर कलम ३१७ खाली तोही गुन्हेगार.

हे सगळं विम्याच्या कागदावर

व्यापाऱ्यांची पॉलिसी बहुतेक वेळा इंग्रजीत असते आणि वर ठळक अक्षरांत बर्गलरी लिहिलेलं असतं. मालकाला वाटतं, चोरी झाली की भरपाई मिळणार. पण आत व्याख्या दिलेली असते: बळजबरीने आणि मोडतोड करून आत शिरल्यावर किंवा बाहेर पडताना झालेली चोरी. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात हेच सांगितलं, की पॉलिसीत तशी व्याख्या असेल तर बळाचा वापर सिद्ध झाल्याशिवाय नुसत्या चोरीचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे बनावट किल्लीने गोदाम उघडून ५० पोती तूर नेली, तर पोलीस घरफोडी लिहितील आणि कंपनी दावा नाकारू शकेल. पॉलिसी घेतानाच थेफ्ट एक्स्टेंशन, म्हणजे मोडतोड न करता झालेल्या चोरीचंही संरक्षण, जोडता येतं का ते विचारावं. आपलाच कामगार सामील असेल तर बर्गलरी पॉलिसी सहसा हात वर करते. त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी हा निराळा विमा असतो. गाडीच्या विम्यात थेफ्ट शब्द स्वतंत्रपणे असतो, म्हणून तिथे काच फुटलेली दाखवावी लागत नाही, पण दोन्ही किल्ल्या मागतात.

दुकान फुटलेलं दिसल्यावर पहिली चूक घडते ती झाडलोट करण्याची. वाकलेलं शटर, तुटलेला कोयंडा, कापलेली जाळी यांचे फोटो काढेपर्यंत आणि पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये. पंचनाम्यात ‘कुलूप तोडून’, ‘शटर उचकटून’ हे शब्द आले आहेत का ते सही करण्याआधी वाचावं. ‘दुकानातून माल चोरीस गेला’ एवढंच असेल तर पुढे तोच कागद अडचण होतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावं, साठ्याची वही आणि खरेदीच्या पावत्या बाजूला काढून ठेवाव्यात. चोर सापडला नाही तर गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल पोलीस न्यायालयात देतात, त्याला महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात. कंपनी जो अनट्रेस्ड रिपोर्ट मागते तो हाच.

दाव्याच्या अर्जात ‘रॉबरी टुक प्लेस इन माय गोडाऊन’ असं लिहू नये. रात्री तिथे कुणी नव्हतं, कुणाला धमकावलं नाही, मग रॉबरी कुठली, हा प्रश्न विम्याचं नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर विचारणारच. लिहावं ते असं: ‘अननोन पर्सन्स ब्रोक ओपन द शटर ॲट नाइट अँड स्टोल फिफ्टी बॅग्ज ऑफ तूर.’ आणि राखणदाराला बांधून ठेवलं असेल, तर ते दुसऱ्या वाक्यात लिहावं. मग तो शब्द रॉबरीच.